पंचनाम्यात मूल कुठे आहे?

२०२५च्या सप्टेंबरात सीना नदी पात्राबाहेर पडली आणि धाराशिव, सोलापूर, बीड जिल्ह्यांतली कित्येक गावे पाण्याखाली गेली. पाणी ओसरल्यावर तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक चिखल तुडवत बांधावर पोचले. किती जमीन खरडली, किती भिंती पडल्या, किती जनावरे दगावली, याच्या नोंदी झाल्या. दुभत्या जनावरामागे साडेसदतीस हजार रुपये हा दर ठरलेला आहे, आणि ती मदत हवीच. ऑक्टोबरात राज्य सरकारने ३१,६२८ कोटींचे पॅकेजही जाहीर केले. पण घरातले मूल पुन्हा शाळेत जाऊ लागले का, आणि नसेल तर कशामुळे, हे विचारायला पंचनाम्यात रकानाच नसतो.

शाळांचा अहवाल वेगळा जातो, असे उत्तर यावर मिळेल. जातो, पण तो इमारतींचा. पडक्या खोल्यांची संख्या वर गेली आणि शाळा उघडली की प्रशासनाच्या लेखी विषय संपतो. दुष्काळ असो वा अतिवृष्टी, सवलतींच्या ठरलेल्या यादीत विद्यार्थ्याच्या वाट्याला एकच ओळ येते, परीक्षा शुल्कमाफीची. दहावी-बारावीपर्यंत टिकलेल्यांना तिचा आधार आहेच. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या चौथीच्या पोराला मात्र भरायला शुल्कच नसते; त्याला काय माफ करणार?

अडचण घरागणिक बदलते, म्हणून ती विचारूनच कळते. आठवीतली एखादी मुलगी घ्या. गावातली शाळा सातवीपर्यंत, पुढची शाळा शेजारच्या गावात. ती उघडली आहे, पण ओढ्यावरचा पूल खचल्याने एसटी येत नाही. मुलगा सायकल काढून लांबच्या वाटेने जातो. मुलीला घरचे एकटीला पाठवत नाहीत. आई-बाप शेतातला गाळ काढण्यात गुंतलेले, धाकट्याला सांभाळायला हीच. तिला नवे दप्तर दिले तरी ते खुंटीलाच लटकणार. शेजारच्या घरातल्या मुलाची वह्या-पुस्तके भिजून लगदा झालेली असतात. त्याला तेच दप्तर दिले तर तो दुसऱ्या दिवशी वर्गात दिसेल. दोघांची गैरहजेरी हजेरीपटावर सारखीच दिसते, उपाय मात्र वेगळा.

काही अडथळे तर व्यवस्थेनेच उभे केलेले. पूर आला की निवाऱ्यासाठी पहिली नजर शाळेवर जाते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ने शिक्षकांना अशैक्षणिक कामांतून सोडवले, पण आपत्ती निवारण त्यातून वगळले. संकटात माणसे वाचवायला इमारतही लागते आणि हातही लागतात, हे मान्य. पण खोल्या कधी रिकाम्या होणार आणि गुरुजी वर्गावर कधी परतणार, याची तारीख त्याच आदेशात का नसावी?

खरी गळती त्यानंतर सुरू होते. खरीप हातचा गेलेले घर मुकादमाकडून उचल घेते आणि कोयता उचलून ऊसतोडीसाठी साखर कारखान्याच्या वाटेला लागते. मुलांसाठी हंगामी वसतिगृहे आहेत, नव्या गावच्या शाळेत प्रवेश मिळावा म्हणून शिक्षण हमी पत्रक आहे. दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येणार नाही, असे कायदाही सांगतो. पण ज्या घरावर यंदा प्रथमच ही वेळ आली, त्याचे नाव स्थलांतरितांच्या जुन्या यादीत सापडणार नाही. महिनाभर सलग गैरहजर राहिल्यावर ते मूल 'शाळाबाह्य' ठरते. तोवर बैलगाडी फडावर पोचलेली असते.

म्हणून आमची मागणी साधी आहे. पंचनाम्याच्या अर्जात सहा ते अठरा वयाच्या प्रत्येक मुलाची नोंद हवी: कुठे शिकते, जाते का, नसेल तर कारण काय. ही विचारणा तीनदा व्हावी. पाणी ओसरताच, महिन्याने आणि दिवाळीनंतर. ती आशा सेविका आणि शाळा व्यवस्थापन समितीने घरी जाऊन करावी आणि मुलींशी त्यांच्या आईबरोबर वेगळे बोलावे. बापासमोर दिलेले उत्तर पुरे नसते. कारणांची गोषवारा यादी ग्रामसभेत वाचली जावी आणि निधी त्या यादीप्रमाणे सुटावा. जिथे पूल खचला तिथे एसटीची तात्पुरती सोय, जिथे धाकटे भावंड अडसर आहे तिथे अंगणवाडीची वेळ वाढवणे, जिथे कोयता आहे तिथे उचल घेण्याआधी वसतिगृह.

आधी पोट, मग पाटी, असा आक्षेप येईल. किल्लारीने त्याचे उत्तर कधीच दिले आहे. १९९३च्या भूकंपानंतर ढिगारे उपसणे चालू असतानाच भारतीय जैन संघटनेने सुमारे १,२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्यात आणले. घर आणि शाळा या दोन्हींचा विचार तेव्हा एकाच वेळी झाला, तोही एका स्वयंसेवी संघटनेकडून. सरकारजवळ गावोगाव माणसे आहेत, कायदा आहे, पंचनाम्याची यंत्रणा आहे. पुढच्या पावसाळ्याआधी त्या अर्जात चार रकाने वाढवायला कोट्यवधींचे पॅकेज लागत नाही. एक शासन निर्णय पुरतो, आणि तो महसूल व शालेय शिक्षण विभागांनी मिळून काढावा.