'सर' म्हणजे थोरला

आमच्या परिचयाच्या एका अधिकारी गृहस्थांनी परवा मोठ्या खेदाने सांगितले की, चेन्नईस 'सर' या शब्दाची काही पतच उरलेली नाही. बसचा कंडक्टर उतारूस 'सार' म्हणतो, उतारू कंडक्टरास 'सार' म्हणतो, आणि तोच शब्द घेऊन शिपाई यांच्या खोलीत येतो! मग खुर्चीचा मान तो काय राहिला? आपल्या मंडळींपैकी पुष्कळांचे हेच मत असावे. आमच्या मते ते साफ चुकीचे आहे.

ज्या शब्दाचा एवढा अभिमान, त्याचे मूळ तरी पाहावे. लॅटिन 'सीनियर' म्हणजे वयाने वडील. त्यातून फ्रेंच 'सीर' निघाला आणि त्याचा इंग्रजी 'सर' झाला. त्यात खुर्ची नाही, शिक्का नाही. ज्याच्या नावामागे 'सर' लागतो त्या 'नाइट'चे कूळ तर याहून साधे. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ पोऱ्या, चाकर. त्याचा जर्मन भाऊबंद 'क्नेख्त' अजून गडीच राहिला आहे. आणि 'एस्क्वायर' म्हणजे केवळ ढाल वाहणारा, आपला ढालाईत.

याच शहराने आपल्या एका माणसाच्या नावावर अशा पदव्यांचे थर चढलेले पाहिले. तंजावरी मराठी माधवराव १८२८ साली कुंभकोणमला जन्मले, मद्रासेत शिकले, आणि त्रावणकोर, इंदूर व बडोदे या तीन संस्थानांचे दिवाण झाले. १८६६ साली ते 'सर' झाले, १८७७ साली 'राजा'. 'राव' हेही राजाचेच रूप. म्हणजे 'राजा सर टी. माधवराव' या एका नावात दोन राजे आणि एक थोरला! माणसाचा ठावठिकाणा सांगणारे अक्षर एकच, ते 'टी', म्हणजे तंजावर.

पदवी परत करणारेही येथेच झाले. मद्रास हायकोर्टाचे माजी न्यायाधीश सर एस. सुब्रह्मण्य अय्यर यांनी १९१७ साली हिंदुस्थानच्या स्वराज्यासाठी अमेरिकेच्या अध्यक्षांस पत्र लिहिले. त्यावरून गहजब होताच १९१८ साली त्यांनी आपले किताब सोडले. रवींद्रनाथांच्या एक वर्ष आधी. पुढे घटनेच्या १८ व्या कलमाने असे किताबच बंद केले. उरला तो तोंडचा 'सर'. तो मात्र आम्ही घट्ट धरून बसलो आहो.

आमचा खरा आक्षेप येथे आहे. सत्तरीचा पेन्शनर कागद घेऊन उभा असतो, तिशीतला अधिकारी बसलेला असतो, आणि 'सर' म्हणायचे ते उभ्याने बसलेल्यास! शब्दार्थाने पाहता थोरला उभा आहे. हे दृश्य आम्ही पाहिले आहे. आणि खोटे कशास बोला, त्या खुर्चीत आम्हीही बसलो आहो.

शब्द रूढीने चालतात, व्युत्पत्तीने नव्हे, असे कोणी म्हणतील. मान्य. मग रूढी चेन्नईचीच पाहा. कंडक्टर आणि उतारू, दोघेही एकमेकांस वडीलकीचा मान देऊन मोकळे होतात. यालाच आमचे गृहस्थ पत जाणे म्हणतात! ते आता रागावतील. रागवोत. पण उद्या तो म्हातारा आला की खुर्ची पुढे सरकवून 'सार' हा शब्द आधी त्यांनी उच्चारावा. तमिळ येत नसल्याची सबब चालणार नाही. लागणारे दोनच शब्द आहेत, 'वांग', म्हणजे या, आणि 'उक्कारुंग', म्हणजे बसा.