ओट्यामागची भिंत

माझ्या दुकानाच्या काउंटरखाली बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. त्यात मी जळालेले प्लग आणि सॉकेट साठवतो. काहींच्या पितळी पिना काळ्यानिळ्या पडल्यात, काहींचं प्लास्टिक मेणासारखं ओघळून पुन्हा घट्ट झालंय. पूर्वी या डब्यात गिझरचे आणि इस्त्रीचे प्लग असायचे. अलीकडे सगळ्यात जास्त भरणा इंडक्शन शेगडीचा आहे.

सोलापूरच्या आयटीआयमधून वायरमनचा ट्रेड करून मी मैंदर्गीत परत आलो, त्याला तीस वर्षं होऊन गेली. आमच्या गावात निम्मी घरं कन्नड बोलणारी, निम्मी मराठी. पण ओट्यावरची तक्रार दोन्हीकडे एकच: शेगडी खराब निघाली. शेगडी खराब निघालेली नसते. खराब असते तिच्यामागची भिंत. भिंतीतली वायर, भिंतीवरचं सॉकेट आणि जमिनीत पुरलेलं, किंवा कधी पुरलंच नाही असं, अर्थिंग. इंडक्शन घरात आणणाऱ्या प्रत्येकाला मला हेच सांगायचंय की शेगडी विकत घ्यायच्या आधी भिंत बघा.

गेल्या उन्हाळ्यात गल्लीतल्या एक मावशी शेगडी पिशवीत घालून दुकानात आल्या. "दोन महिन्यांत बंद पडली बघा दादा. आता पैसे कुठनं आणू?" मी त्यांच्यासमोर शेगडी दुकानातल्या पॉवर पॉइंटला लावली, पातेल्यात पाणी ठेवलं. पाणी उकळलं. मावशींचा विश्वास बसेना, म्हणून त्यांच्या घरी गेलो. माळवदाचं जुनं घर, भिंतीवर केसिंग पट्टीतून नेलेली वायर. स्वयंपाकघरात एकच सॉकेट, तेही सहा अँपिअरचं. त्यात तीन तोंडांची पिन, पिनेत एक्स्टेंशन बोर्ड, बोर्डावर मिक्सर, मोबाइलचा चार्जर आणि शेगडी. सॉकेटची एक पत्ती जळून सैल झाली होती. शेगडीला वीजच नीट पोचत नव्हती.

मावशींना मी जो हिशेब मांडून दाखवला, तोच इथे मांडतो. शेगडीच्या बुडाला चिकटवलेल्या पट्टीवर वॅट लिहिलेले असतात. त्या आकड्याला २३० ने भागायचं. २००० वॅटची शेगडी पूर्ण ताकदीवर जवळजवळ पावणेनऊ अँपिअर ओढते. १५०० वॅटचीसुद्धा साडेसहा. म्हणजे सहा अँपिअरचं सॉकेट दोन्हींना अपुरं पडतं. मिक्सर मिनिटभर चालतो आणि बंद होतो, शेगडी मात्र सकाळी तासभर आणि संध्याकाळी तासभर सलग चालते. सैल जोडातून दुप्पट करंट गेला तर तिथली उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते. सॉकेट तापतं, तापलं की पत्ती आणखी सैल होते, सैल झाली की आणखी तापतं. एखाद्या दिवशी प्लास्टिकला पेट लागतो. आणि आपल्याकडे सॉकेटच्या शेजारीच तेलाची किटली नि पिठाचा डबा असतो.

शेगडीसाठी सोळा अँपिअरचा वेगळा पॉइंट लागतो. मेन बोर्डापासून थेट त्या पॉइंटपर्यंत तांब्याची स्वतंत्र वायर घ्यायची, किमान अडीच आणि शक्यतो चार स्क्वेअर एमएमची, आणि तिच्यावर स्वतंत्र एमसीबी. पंख्या-दिव्याच्या वायरीतून फाटा काढून चालत नाही. एक्स्टेंशन बोर्ड तर नकोच, कितीही जाड दिसला तरी. पंधरा मिनिटं शेगडी चालवून बंद करा, प्लग काढा आणि पिनेला हात लावून बघा. कोमट असेल तर ठीक. चटका बसला तर वायरमनला बोलवा, उद्यावर टाकू नका. वीजबिलावर 'मंजूर भार' असा रकाना असतो, तोही वाचा. तिथे एक किलोवॅट असेल आणि तुम्ही दोन किलोवॅटची शेगडी आणली असेल, तर भार वाढवून घेण्याचा अर्ज करायला हवा.

आपला जिल्हा विजेच्या बाबतीत लहान नाही. दक्षिण सोलापुरात एनटीपीसीचा १३२० मेगावॅटचा प्रकल्प उभा आहे. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची लाइन चालू झाली आणि दक्षिणेतल्या राज्यांचं वीजजाळं उरलेल्या देशाशी जोडलं गेलं. सगळ्या देशाचं जाळं एक झालं ते आपल्या सोलापूरच्या लाइनीनं, याचा मला वायरमन म्हणून अभिमान वाटतो. पण हजारो किलोमीटरचं ते जाळं मीटरपाशी संपतं. मीटरपासून ओट्यापर्यंतची दहा-पंधरा फूट वायर आपली असते, आणि तिच्याकडे कुणी बघत नाही.

अर्थिंगचं तर विचारूच नका. आमच्याकडची काळी माती पावसाळ्यात गच्च ओली असते आणि एप्रिल-मे महिन्यांत तळहात जाईल एवढ्या भेगा पाडते. अर्थिंगचा पाइप किंवा पट्टी त्या मातीत पुरलेली. माती वाळली, पट्टीपासून सुटली की अर्थिंग नावापुरतं राहतं. म्हणून जुने वायरमन खड्ड्यात कोळसा आणि मीठ घालायचे आणि घरमालकाला सांगून ठेवायचे, उन्हाळ्यात पाणी घालत जा. आता खड्ड्यावर फरशी बसवतात, पाणी घालायला जागाच ठेवत नाहीत. काही घरांत सॉकेटचं वरचं जाड भोक दिसतं, पण त्यामागे वायर जोडलेलीच नसते. मी सॉकेट उघडून दाखवतो तेव्हा घरातल्या माणसांचा चेहरा पाहवत नाही. इतकी वर्षं लेकरंबाळं ओल्या हातानं तिथे प्लग लावत होती.

शेगडीची वरची काच हीच आपली ढाल. काचेच्या खाली तांब्याच्या तारेचं गोल वेटोळं असतं. त्यातून सेकंदाला वीस हजारांहून जास्त वेळा दिशा बदलणारा करंट फिरतो आणि त्यामुळे भांड्याच्या बुडातच करंट उठून बूड तापतं. फॅराडेनं १८३१ मध्ये शोधलेलं तत्त्व ते हेच. काच स्वतः तापत नाही, ती भांड्यामुळे तापते. पण काचेला तडा गेला आणि त्यावर दूध उतू गेलं, तर ते दूध थेट आतल्या तारांपर्यंत जातं आणि भांड्यात करंट उतरू शकतो. तडा केसाएवढा असला तरी शेगडी वापरायची नाही. तिला हात न लावता आधी भिंतीवरचं बटण बंद करायचं. आणि ज्या घरात शेगडी आहे तिथे मेन बोर्डात ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी असायलाच हवी. माणसाच्या अंगातून करंट जायला लागला तर ती क्षणात वीज तोडते. एमसीबी ते काम करत नाही. ती वायर वाचवते, माणूस नाही. हा फरक आमच्या धंद्यातल्या पोरांनासुद्धा मला पुन्हा पुन्हा सांगावा लागतो.

आता पिठाबद्दल. शेगडी उघडली की मला आत काय सापडतं ते सांगतो: ज्वारीचं पीठ. आमच्या प्रत्येक घरात दोन वेळा भाकरी थापली जाते आणि पीठ उडतं. शेगडीच्या पोटात एक पंखा असतो. तो बहुतेक खालच्या जाळीतून हवा ओढतो आणि आतले भाग थंड ठेवतो. हवेबरोबर पीठही ओढलं जातं, तापणाऱ्या भागांवर त्याचा थर बसतो, पावसाळ्यात तो थर ओला होतो. वर झुरळं येतात. त्यांना ऊब आवडते आणि खायला पीठ असतंच. एक झुरळ सर्किटच्या दोन टोकांना चिकटून मेलं की शेगडी जळाली. त्यामुळे परात आणि शेगडी यांत हात-दोन हात अंतर ठेवा. काम झालं, गार झाली की शेगडी झाकून ठेवा किंवा उभी करून फळीवर ठेवा. महिन्यातून एकदा प्लग काढून खालची जाळी कोरड्या रंगाच्या ब्रशनं झटका. आतलं मात्र घरी उघडू नका. प्लग काढल्यावरसुद्धा आतल्या कपॅसिटरमध्ये झटका बसण्याएवढी वीज काही वेळ राहते.

बऱ्याच बायका खाली बसून स्वयंपाक करतात आणि शेगडी पोत्यावर, सतरंजीवर किंवा वर्तमानपत्रावर ठेवतात. कापड खालून चिकटतं, पंखा गुदमरतो, शेगडी तापून बंद पडते. खाली कडक, सपाट पाट हवा. मागे भिंतीपासून वीतभर जागा सोडा. काही घरांत मी गॅसच्या स्टीलच्या शेगडीवरच इंडक्शन ठेवलेली पाहिली आहे, ओट्यावर जागा नाही म्हणून. हे कधीही करू नका. खालचं लोखंड तापतं, आणि तिथूनच गॅसची नळी गेलेली असते.

भांड्यांची गोष्ट सोपी आहे. फ्रिजवरचं लोहचुंबक भांड्याच्या बुडाला लावा, घट्ट चिकटलं तर भांडं चालेल. ॲल्युमिनियम, तांबं, पितळ चालत नाही. स्टीलचीही सगळी भांडी चालत नाहीत. बिडाच्या तव्याला चुंबक चिकटतं, पण आपल्याकडचा भाकरीचा तवा बुडाला फुगीर असतो, काचेवर डुगडुगतो आणि मधोमध जळतो. माझ्या आईनं, आम्ही तिला अव्वा म्हणतो, आठवडाभर इंडक्शनवर भाकरी करून पाहिली. तवा तापला, भाकरी शेकली, पण तवा उतरवून विस्तवावर फुगवायची भाकरी फुगेना. तिनं सरळ सांगितलं, "भाकरी गॅसवर, बाकीचं हिच्यावर." मला तिचं पटलं. देशात लागणाऱ्या स्वयंपाकाच्या गॅसपैकी निम्म्याहून जास्त बाहेरून येतो, सिलिंडर मिळायला उशीर झाला की गावात धावपळ होते. अशा वेळी चहा, दूध, भात, आमटी, शेंगदाणे भाजणं एवढं इंडक्शनवर गेलं तरी एक सिलिंडर किती दिवस जास्त पुरतो, ते आमच्या घरात दिसतंय. सगळंच तिच्यावर करायचा हट्ट कशाला?

आणि एक फायदा मी फार मोठा मानतो. तिला जाळ नाही. पदर पेटून भाजलेल्या बाईला मी लहानपणी आमच्या वाड्यात पाहिलंय. ते मी विसरलेलो नाही. इंडक्शननं तो धोका पुष्कळ कमी होतो. पण जाळ दिसत नाही म्हणून दुसरा धोका येतो. फोडणीचं तेल गॅसपेक्षा लवकर तापतं, आणि आच बघून अंदाज घ्यायची आपली सवय इथे कामाची नाही. पातळ बुडाची कढई रिकामी ठेवली तर काही सेकंदांत भलतीच तापते. म्हणून आधी तेल, मग बटण, आणि सुरुवात मधल्या आकड्यावर. कढई ठेवून मीटर बघायला बाहेर जायचं नाही. तेल पेटलंच तर पाणी नाही; ताटानं झाकायचं आणि भिंतीवरचं बटण बंद करायचं.

एरवी मात्र स्वयंपाक झाल्याबरोबर भिंतीवरचं बटण बंद करायची घाई नको. आधी शेगडीचं बटण बंद करा, आतला पंखा चालू देत. तो थांबला की मग भिंतीवरचं. आमच्याकडे 'वीज वाचवा' म्हणून लोक लगेच बंद करतात आणि आतली उष्णता आतच कोंडते. काच तापलेली असताना ओलं फडकं लावू नका. गार झाल्यावर पिळलेल्या मऊ फडक्यानं पुसा. तारेची घासणी नको, वरून पाणी ओतणं तर नकोच.

संध्याकाळी शेतातले पंप आणि गावातले दिवे एकदम चालू झाले की लांब गेलेल्या लाइनीच्या टोकाला व्होल्टेज पडतं. मग शेगडी आपोआप थांबते, पडद्यावर एक अक्षर नि आकडा दिसतो. तो बिघाड नव्हे, ती स्वतःला जपते आहे. पुन्हा पुन्हा बटण दाबू नका, थोडं थांबा. लाइट गेली तर प्लगच काढा, कारण परत येताना व्होल्टेज कधी उसळून येतं. घरात कुणाला पेसमेकर बसवलेला असेल तर डॉक्टरांना विचारा, आणि तोवर त्या माणसानं चालू शेगडीपासून दोन फूट लांब राहावं.

माझी मागणी दोघांकडे आहे. शेगडी विकणाऱ्या दुकानदारांनी गिऱ्हाइकाला एक प्रश्न विचारावा: घरात सोळा अँपिअरचा पॉइंट आहे का? मोबाइलवर सॉकेटचा फोटो मागवा, दोन मिनिटांचं काम आहे. आणि नवीन घर बांधणाऱ्यांनी, मग ते घरकुल योजनेतलं असो वा स्वतःच्या पैशाचं, ओट्याला पॉवर पॉइंट आणि अंगणात पाणी घालता येईल असं अर्थिंग आधीच ठरवून घ्यावं. भिंत उभी राहायच्या आधी हे काम कमी पैशात होतं. नंतर भिंत फोडावी लागते, आणि मग लोक म्हणतात, चालतंय की.

मावशींच्या घरी मी नवीन वायर ओढली, पॉइंट बसवला, आरसीसीबी लावली. पैसे त्या हप्त्यानं देताहेत, मला घाई नाही. अर्थिंगचा खड्डा दारातल्या तुळशीवृंदावनाजवळ घेतला. रोज सकाळी तुळशीला पाणी घालतात, त्यातलं तांब्याभर तिथे ओततात.

त्यांचा जुना प्लग माझ्या डब्यात आहे.