‘मिटवून टाकू’ म्हणजे नक्की काय मिटतं?

कोल्हापुरात ‘मिटवून टाकू’ हे फार लाडकं वाक्य आहे. बांधावरून भांडण झालं, मिटवून टाकू. गाडीला गाडी घासली, मिटवून टाकू. चार माणसं बसतात, चहा होतो, विषय संपतो. सवय चांगलीच आहे, त्याबद्दल वादच नाही. पण मशीनवर कुणाचं बोट जातं आणि तिथेही हेच वाक्य ऐकू येतं, तेव्हा मात्र मला ते खटकतं.

शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, उद्यमनगर. फाउंड्री, मशीन शॉप, पॉवर प्रेस यांवर अर्धं कोल्हापूर चालतं. माझा एक शाळेतला मित्र अशाच एका छोट्या वर्कशॉपमध्ये प्रेसवर होता. सहा-सात कामगार, पगार 15,000. 2022 मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, त्याची तर्जनी मुळापासून गेली. मालकाने स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात नेलं, सगळं बिल भरलं, घरी सोडताना 25 हजार हातात ठेवले आणि ‘माझी काही तक्रार नाही’ अशा कागदावर सही घेतली. घरच्यांनी मालकाचे आभार मानले. मालक माणूस वाईट नव्हता, हे मलाही मान्य आहे.

आता हिशेब बघा. त्या वेळी लागू होता 1923 चा कर्मचारी नुकसानभरपाई कायदा. त्यात सरळ सूत्र आहे. महिन्याच्या पगाराचे 60 टक्के (पगार जास्तीत जास्त 15,000 धरायचा, ही मर्यादा 2020 ची) गुणिले वयानुसार ठरलेला आकडा. तिसाव्या वर्षासाठी तो 207.98. म्हणजे 9,000 गुणिले 207.98, झाले 18,71,820. ही पूर्ण आणि कायमच्या अपंगत्वाची रक्कम. पूर्ण तर्जनी गेली तर तक्त्यात 14 टक्के लिहिलेत. म्हणजे सुमारे 2 लाख 62 हजार. दवाखान्याचा खर्च वेगळा, तो यातून वजा करायचा नाही.

2 लाख 62 हजार कुठे आणि 25 हजार कुठे! मिटलं ते काय, तर उरलेले 2 लाख 37 हजार.

मित्राला हे सांगितलं तर तो म्हणाला, “अरे, पण चूक माझीच होती. लक्ष नव्हतं.” माझ्या मते खरी गाठ इथेच आहे. आपण भरपाईला दंड समजतो. मालकाची चूक सिद्ध झाली तरच मिळणार, असं धरून चालतो. कायदा असं विचारतच नाही. काम करताना, कामामुळे अपघात झाला का, एवढंच तो बघतो. कामगार प्यायलेला होता, सुरक्षेचा नियम त्याने मुद्दाम मोडला किंवा मशीनचं गार्ड मुद्दाम काढलं, तर मालक हात वर करू शकतो. तेसुद्धा मृत्यू किंवा पूर्ण कायमचं अपंगत्व आलं असेल तर चालत नाही. नुसतं लक्ष नसणं हा यात गुन्हाच नाही. आठ तास एकच हालचाल करणाऱ्या माणसाचं लक्ष कधीतरी जाणारच की राव!

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे लगेच कळायला हवं. प्रॉडक्शन सर्व्हर पडला की चांगल्या टीममध्ये पोस्टमॉर्टेम होतं, आणि त्यात ‘कुणी केलं’ हा प्रश्न बाजूला ठेवतात. आपण ही आधुनिक कल्पना म्हणून मिरवतो. इथे प्रेसवरच्या कामगारासाठी तीच गोष्ट 1923 साली कायद्यात आली.

आणि त्या सहीच्या कागदाचं काय? कायद्याने मिळालेला हक्क असा लिहून सोडता येत नाही. तडजोड करायची तर ती भरपाई आयुक्तांकडे नोंदवावी लागते, आणि रक्कम अपुरी वाटली तर ते नोंदणी नाकारू शकतात.

बरं, दुसरी बाजूही आहे. लोक म्हणतात, कोर्टकचेरीत आयुष्य जातं. खोटं नाही. उस्मानाबाद जिल्ह्यातल्या साखर कारखान्याचा एक वॉचमन 22 एप्रिल 2003 ला पहाटेच्या पाळीला निघाला आणि कारखान्यापासून पाच किलोमीटरवर अपघातात गेला. कुटुंबाला 3,26,140 रुपये आणि व्याज मंजूर झालं. 2011 मध्ये उच्च न्यायालयाने ते रद्द केलं. सर्वोच्च न्यायालयाने ते परत दिलं जुलै 2025 मध्ये. बावीस वर्षं! हे वाचून कुणीही म्हणेल, 25 हजार घ्या आणि गप्प बसा.

पण ते प्रकरण अडलं होतं ‘वाटेवरचा अपघात कामाचा मानायचा का’ या प्रश्नावर. प्रेसखाली गेलेल्या बोटाला असला प्रश्न नसतो. तिथे प्रकरण अडतं ते बहुतेक कागदावर. केसपेपरवर ‘घरी पडून लागलं’ असं लिहिलेलं असतं. पगार रोख, हजेरी वहीत नाव नाही. पहिल्या दोन दिवसांत सगळे भावनेच्या भरात असतात, आणि नेमकं तेव्हाच लिहायचं राहून जातं.

छोट्या मालकाला एवढे पैसे कुठून परवडणार, हेही खरं. म्हणून तर विमा आहे. दहा किंवा जास्त माणसं असतील आणि पगार 21,000 पर्यंत असेल तर ईएसआय लागू होतं. मग भरपाई ईएसआय देतं, मालकाच्या खिशातून काही जात नाही. त्यापेक्षा छोट्या वर्कशॉपसाठी विमा कंपन्यांच्या पॉलिसी आहेत. प्रेसचा विमा काढणाऱ्या मालकाने प्रेसवरच्या हाताचाही काढावा, यात जगावेगळं काय आहे?

21 नोव्हेंबर 2025 पासून जुन्या कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आली आहे. गाभा तोच आहे, आणि घर ते कामाची जागा हा प्रवासही आता त्यात स्पष्ट धरलाय.

तुमच्याही घरात कुणीतरी शिरोलीला किंवा चाकणला मशीनवर असेल, आणि अडलं की फोन तुम्हालाच येत असेल. तेव्हा एवढं सांगा. केसपेपरवर ‘कामावर, मशीनवर लागलं’ हेच लिहून घ्या. मालकाला लेखी कळवा, पोच घ्या. पगार आणि हजेरीचा जो असेल तो पुरावा जपा. ठेकेदाराकडून काम असेल तरी मूळ कंपनीची जबाबदारी सुटत नाही. आणि दावा दोन वर्षांच्या आत करा.

माझ्या मित्राला हे सगळं कळलं तोवर ती दोन वर्षं उलटून गेली होती. योग्य कारण दिलं तर उशीर माफ होऊ शकतो, पण तो अर्ज करायला तयार नाही. “मालकाने तेव्हा गाडी काढली होती रे,” म्हणतो. गाडी काढली हे चांगलंच केलं. पण ते भाडं जरा जास्तच झालं.