जखम १९८८ ची, औषध १९९९ चे

(थ्रेड) सी भाषेतील अक्षरमाला, तिची असुरक्षितता आणि एका लांबलेल्या कराराचा इतिहास

१/ २ नोव्हेंबर १९८८. अमेरिकेतील विद्यापीठांचे व संशोधन संस्थांचे संगणक एकामागून एक मंदावू लागले. कॉर्नेल विद्यापीठातील रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेला प्रोग्राम स्वतःच्या प्रती काढत इंटरनेटवर पसरत होता. तेव्हा इंटरनेटवर सुमारे ६०,००० यंत्रे होती. त्यांपैकी ६,००० बाधित झाली, असा अंदाज त्या काळी वर्तवला गेला.

२/ आत शिरण्याच्या त्याच्या वाटांपैकी एक फार साधी होती. ‘फिंगर’ नावाची सेवा येणारी ओळ ५१२ बाइटांच्या बफरमध्ये, म्हणजे स्मृतीतील राखीव जागेत, उतरवून घेई. मॉरिसच्या प्रोग्रामने ५३६ बाइट पाठवले. वरचे २४ बाइट शेजारच्या स्मृतीत सांडले आणि यंत्राचा ताबा गेला. ओळ वाचणाऱ्या ‘गेट्स’ या फंक्शनने जागा किती आहे हे विचारलेच नव्हते; विचारण्याची सोयच त्यात नव्हती.

३/ ही उणीव आली कोठून? १९७० च्या दशकाच्या आरंभी बेल लॅब्जमध्ये डेनिस रिची यांनी सी भाषा घडवली. तिची पूर्वज बीसीपीएल भाषा अक्षरमालेची लांबी तिच्या आरंभीच नोंदवून ठेवी. नोंदीची जागा लहान असल्याने लांबीवर मर्यादा पडे. मधल्या ‘बी’ भाषेत ही नोंद जाऊन शेवटी समाप्तीची खूण आली. सीमध्ये ती खूण म्हणजे शून्य बाइट. मर्यादा गेली, मोजदादीचा त्रास गेला. पण अक्षरमालेला स्वतःची लांबी ठाऊक असणेही गेले.

४/ या निर्णयाला आज मूर्खपणा ठरवणे सोपे आहे, पण न्यायाचे नाही. पीडीपी-११ वरील पहिल्या युनिक्स यंत्रात अवघी २४ किलोबाइट स्मृती होती आणि त्यातील १६ किलोबाइट प्रणालीच व्यापत असे. अशा घरात एकेक बाइट जपून वापरणे हा शहाणपणाच होता. इतिहासाने जाब विचारायचा तो १९७२ ला नव्हे, त्यानंतरच्या वर्षांना.

५/ याच पायावर ‘प्रिंटएफ’चे कुटुंब उभे राहिले. एक साचा द्यायचा, त्यात टक्क्याच्या खुणेने मोकळ्या जागा दाखवायच्या आणि मागोमाग नाव, वय, रक्कम अशी मूल्ये पुरवायची. छापायचे असेल तर प्रिंटएफ, स्मृतीत लिहायचे असेल तर एसप्रिंटएफ. एसप्रिंटएफला बफरचा पत्ता सांगितला जातो, आकार सांगितला जात नाही. दोष गेट्सचाच, दार तेवढे दुसरे.

६/ डिसेंबर १९८९ मध्ये सीचे पहिले अमेरिकी मानक मंजूर झाले. मॉरिस प्रकरणाला वर्ष उलटले होते. तरीही गेट्स मानकात राहिले आणि एसप्रिंटएफला आकार विचारणारे भावंड मिळाले नाही. रूढ वहिवाट नोंदवणे आणि जुने प्रोग्राम मोडू न देणे हे मानकाचे काम, असे त्याचे समर्थन करता येते. ते पोकळ नाही. परंतु जुने न मोडणे वेगळे आणि नवे न देणे वेगळे.

७/ उपाय बर्कलीतून आला. १९९३ च्या ४.४ बीएसडीमध्ये ‘एसएनप्रिंटएफ’ अवतरले. त्याला बफरचा आकार सांगायचा. त्यापलीकडे ते एकही बाइट लिहीत नाही. आंतरराष्ट्रीय मानकात मात्र त्याला जागा मिळाली ती सी-९९ मध्ये, म्हणजे १९९९ साली. मधल्या सहा वर्षांत जे घडले, तोच या इतिहासाचा गाभा आहे.

८/ पूर्वी शेर आणि पायली ही मापे मुलखामुलखात वेगवेगळी भरत. नाव एक, माप निराळे. एसएनप्रिंटएफचे तेच झाले. मजकूर बफरमध्ये मावला नाही तर काय कळवायचे? सी-९९ म्हणते, पूर्ण मजकुराला किती जागा लागली असती ती संख्या. लिनक्सवरील जीएनयू लायब्ररी २.०.६ आवृत्तीपर्यंत उणे एक परत करी. मायक्रोसॉफ्टचे अधोरेषा लावलेले भावंड ऋण संख्या देई आणि शेवटचे शून्यही लिहीत नसे.

९/ हा फरक किरकोळ नाही. शेवटचे शून्य नसेल, तर पुढचे फंक्शन बफर ओलांडून वाचत सुटते. दुसरीकडे, परत आलेली संख्या म्हणजे ‘लिहिलेली अक्षरे’ असे समजून ती बेरजेत धरली, तर बेरीज बफरच्या आकारापुढे जाते. मग ‘उरलेली जागा’ ऋण निघते आणि चिन्हविरहित पूर्णांकात ती प्रचंड धन संख्या बनते. फंक्शनला वाटते, जागाच जागा आहे. सुरक्षेसाठी आणलेल्या साधनानेच कुंपण मोडले जाते.

१०/ म्हणून अपाचे वेब सर्व्हरसारख्या प्रकल्पांनी स्वतःचे एसएनप्रिंटएफ लिहून बरोबर बाळगले. मायक्रोसॉफ्टने मानकाबरहुकूम एसएनप्रिंटएफ दिले ते व्हिज्युअल स्टुडिओ २०१५ मध्ये. १९९३ ते २०१५: एका फंक्शनचा अर्थ सर्वत्र सारखा होण्यास बावीस वर्षे लागली.

११/ दरम्यान साचाच शस्त्र ठरला. वापरकर्त्याने टंकलेला मजकूर थेट साचा म्हणून दिला, तर त्यातील टक्क्याच्या खुणाही आज्ञा बनतात. त्यांपैकी ‘एन’ ही खूण आतापर्यंत किती अक्षरे निघाली ती संख्या स्मृतीत लिहिते. २००० साली डब्ल्यूयू-एफटीपीडी या सर्व्हरवर याच मार्गाने हल्ले झाले. येथे एसएनप्रिंटएफही तारत नाही, कारण ते आकार तपासते, साचा कोणाचा हे नाही. साचा प्रोग्रामरचा आणि मजकूर परक्याचा, ही सीमा पाळावीच लागते.

१२/ दिरंगाईचे हे एकच उदाहरण नाही. ओपनबीएसडीने १९९८ मध्ये आणलेले ‘एसटीआरएलसीपीवाय’ हे नकलेचे सुरक्षित फंक्शन जीएनयू लायब्ररीत आले २०२३ मध्ये. मजकूर गुपचूप छाटला जाणे हीही चूकच, हा विरोधकांचा मुद्दा खरा होता. पण पंचवीस वर्षे थांबण्याइतका नव्हता. आणि गेट्स? ते मानकातून गेले सी-११ मध्ये, २०११ साली. जखमेनंतर तेवीस वर्षांनी.

१३/ छाटणीचा प्रश्न मराठीला अधिक जवळचा आहे. १९९२ मध्ये केन टॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी यूटीएफ-८ ची रचना केली, ती सीचे शून्य सांभाळूनच. तीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. ‘शिवनेरी’ची सात चिन्हे, म्हणजे २१ बाइट. बफर २० बाइटांचा असेल, तर एसएनप्रिंटएफ १९ बाइट लिहून शून्य ठेवते: ‘शिवनेर’ आणि दीर्घ वेलांटीचा एक तुटका बाइट. स्मृती शाबूत, गडाचे नाव मात्र मोडलेले. परत आलेली संख्या २१ आहे हे ज्याने पाहिले, त्यालाच ही मोडतोड कळते.

१४/ शोधाची तारीख आणि वहिवाटीची तारीख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि माणसांना भोगावे लागते ते त्यांमधल्या अंतरात. सावध प्रोग्रामर चुकत नाही, ही समजूत त्या अंतराला पांघरूण घालते. सावधपणा माणसागणिक बदलतो, करार बदलत नाही. सुरक्षित फंक्शन तेव्हाच सुरक्षित ठरते, जेव्हा त्याचे माप प्रत्येक यंत्रावर एकच भरते. ते माप ठरवण्याचा अधिकार ज्यांच्या हाती होता, त्यांच्या विलंबाचा हिशेब इतिहासात मांडला गेला पाहिजे.