खालाला आता शिकून काय करायचंय?

माझी खाला 52 वर्षांची आहे. लहानपणी पोलिओ झाला आणि दोन्ही पाय गेले. मामू शाळेत गेले, अम्मी चौथीपर्यंत शिकली, खाला मात्र घरातच राहिली. ‘हिला रोज उचलून कोण नेणार?’ या एका प्रश्नावर तिचं शिक्षण संपलं. हाताच्या मशीनवर तिनं निम्म्या मोहल्ल्याचे कपडे शिवले. आकडे लिहिता येत नाहीत, म्हणून मापं आजही दोऱ्याला गाठी मारून ठेवते.

काही वर्षांपूर्वी नानांच्या जमिनीची वाटणी झाली. खालाला रिक्षात बसवून तालुक्याच्या कचेरीत नेलं. कचेरी वरच्या मजल्यावर. घरच्या माणसांनी तिला खुर्चीसकट उचलून वर नेलं, अंगठा घेतला आणि परत आणलं. तो कागद हक्कसोडपत्राचा होता, हे तिला नंतर कळलं. शरियतनं मुलीला दिलेला वाटा एका अंगठ्यात गेला.

गेल्या वर्षी आमच्या भागात प्रौढ साक्षरतेचा वर्ग सुरू झाला. मलाही यायचंय, असा निरोप खालानं स्वतः पाठवला. वर्ग शाळेच्या पहिल्या मजल्यावर. शिकवणाऱ्या बाई मनानं चांगल्या. म्हणाल्या, “जिने आहेत हो. आणि या वयात त्यांना कशाला त्रास देता?” घरातूनही तेच ऐकू आलं, “आता शिकून काय करायचंय?” कचेरीचा जिना चढवायला चार माणसं मिळाली होती. वर्गाचा जिना चढवायला एकही मिळाला नाही.

कायदा काय म्हणतो ते पाहा. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 च्या कलम 31 नुसार ठरावीक प्रमाणात दिव्यांगत्व असलेल्या मुलांना 6 ते 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षण मिळतं. पण ज्यांचं ते वय निघून गेलं, त्यांचं काय? त्यांच्यासाठी कलम 18 आहे. प्रौढ शिक्षणात दिव्यांगांना इतरांच्या बरोबरीनं सहभागी होता यावं, यासाठी शासनानं आणि स्थानिक संस्थांनी उपाय करावेत, असं ते सांगतं. म्हणजे खालाला वर्गात घेणं ही मेहेरबानी नाही.

2011 च्या जनगणनेत देशात 2 कोटी 68 लाख दिव्यांग नोंदले गेले. त्यांतले शंभरात 45 निरक्षर होते. केंद्राचा ‘उल्लास’ साक्षरता कार्यक्रम 15 वर्षांवरील प्रत्येक निरक्षरासाठी आहे आणि तो स्वयंसेवकांवर चालतो. अक्षर आणि आकड्यांबरोबर पैशाचे व्यवहार आणि कायद्याची माहितीही त्यात येते. खालाला नेमकं हेच हवं होतं.

सरकारकडे मागणी करायलाच हवी. पण मला राग येतो तो आपला जास्त. मक्केत अब्दुल्लाह इब्न उम्मे मक्तूम (रजि.) हे अंध सहाबी शिकण्यासाठी प्रेषितांकडे (स.) आले. प्रेषित तेव्हा कुरैशच्या सरदारांशी बोलण्यात गुंतले होते. त्या क्षणीच्या दुर्लक्षाबद्दल अल्लाहनं आपल्या लाडक्या प्रेषितालाही टोकलं. सूरह अबसाची सुरुवात त्याचीच आहे. पुढे हेच अंध सहाबी मदीनेत अजान देत. सूरह आपल्याला पाठ आहे, पण शिकायला आलेला माणूस आजही दारातच थांबतो.

वर्ग तळमजल्यावर घ्यायला फार पैसे लागत नाहीत. मोहल्ल्यातला जमातखाना दुपारी रिकामाच असतो. जो येऊ शकत नाही, त्याच्या घरी आठवड्यातून दोनदा एखादा कॉलेजचा मुलगा जाऊ शकतो. अंधांसाठी ब्रेल, कर्णबधिरांसाठी खाणाखुणांची भाषा जाणणारा शिक्षक लागेल. ते अवघड आहे, म्हणून तर जमातीनं एकत्र येऊन करायचं. वर्गाची यादी करताना ‘कोण येतं’ एवढंच लिहू नका, ‘कोण येऊ शकत नाही आणि का’ हेही लिहा.

माझी मुलगी आता जुम्याच्या दुपारी खालाकडे बसते. खाला स्वतःचं नाव लिहू लागली आहे. परवा तिनं पेटीतून त्या कागदाची प्रत काढली आणि मुलीपुढे ठेवली. म्हणाली, “बेटा, धडे नंतर. आधी हे वाचायला शिकव.”