नवा पडदा, अंधुक चित्र



आपल्या नंदुरबारच्या मिरचीवर फुलकिडे पडले की पान होडीसारखे वर वळते. कोळी पडला की खाली. दोघांची औषधे वेगळी. हे व्हिडिओत पाहायचे, तर चित्र स्वच्छ हवे. नव्या मॉनिटरवरही ते अंधुक दिसले, तर दुकानात धावण्याआधी पुढील तपासणी करा.

आधी व्हिडिओची 'क्वालिटी' पाहा. ६४० बाय ३६० चे चित्र १९२० बाय १०८० च्या पडद्यावर पसरले, की एक ठिपका नऊ ठिपक्यांची जागा भरतो. चित्र विरणारच. तेव्हा १०८० निवडा. नेट मंद असेल तर व्हिडिओ आधी उतरवून घ्या. उतरवलेलाही अडखळला, तर दोष बहुधा संगणकात आहे, पडद्यात नव्हे.

अक्षरेसुद्धा अंधुक असतील, तर डिस्प्ले सेटिंगमध्ये 'रेकमेंडेड' रेझोल्यूशन ठेवा. जुनी व्हीजीए केबल असल्यास, संगणकाला सोय असेल तर, एचडीएमआय लावा.

एवढे करूनही फवारणीआधी शेतातले पान उलटून भिंगाखाली पाहाच. पडदा ओळख करून देतो, खात्री शेतातच होते.