सांभाळून खेळू नकोस

थेरगाव म्हटलं की लोकांना आधी क्रिकेट आठवतं. वेंगसरकर अकादमी इथलीच. पण रविवारी सकाळी डांगे चौकातून पाठीला सॅक लावून निघणाऱ्या पोरांत आता बुद्धिबळवालेही दिसतात. रेटिंग स्पर्धेत समोर दोनशे गुणांनी वरचा खेळाडू आला, की हॉलच्या दाराशी बापाचा सल्ला ठरलेला: “सांभाळून खेळ रे, निदान बरोबरी तरी आण.”

मला हा सल्ला उलटा वाटतो. शांत डावात चुका बारीक असतात, आणि बारीक चुकांचं व्याज वसूल करण्यातच वरच्या खेळाडूचा हात बसलेला असतो. धारदार ओपनिंगमध्ये मात्र एक चाल चुकली की दोघांचीही सारखीच गत. तिथे घरी पटापुढे कोण जास्त बसलं होतं, ते दिसतं.

एप्रिल २०२४, टोरांटोची कँडिडेट्स स्पर्धा, दुसरी फेरी. आपल्या नाशिकच्या विदित गुजराथीचं रेटिंग २७२७, समोरच्या हिकारू नाकामुराचं २७८९. त्यात विदितकडे काळी मोहरी. बरोबरी सुटली असती तरी कुणी नाव ठेवलं नसतं. पण रुय लोपेझ ओपनिंगमधून डाव पुरता बाहेर पडायच्या आतच विदितने नाकामुराच्या राजापुढच्या प्याद्यावर उंट टाकला. तीस चालींच्या आत डाव संपला आणि नाकामुराची ४७ डावांची अपराजित मालिकाही. नवव्या फेरीत विदितने त्याला पुन्हा हरवलं. शेवटी नाकामुरा विजेत्या गुकेशच्या अर्धा गुण मागे राहिला.

विदितच्या खात्यात मात्र १४ फेऱ्यांत सहाच गुण जमले. धार दोन्हीकडून कापते, हेही पोरांना सांगायला हवं. पाठ केलेल्या चाली संपल्यावर पुढचं सुचत नसेल, तर उंट टाकणं हा निव्वळ जुगार.

तरी आकड्यांना इतकं भिऊ नये. रेटिंग मोजणाऱ्या एलो पद्धतीच्या गणिताने दोनशे गुणांनी वरच्याला शंभर डावांत साधारण ७६ गुण मिळावेत. उरलेले २४ खालच्याचेच. शिवाय वाढत्या वयातल्या पोराचं रेटिंग बहुधा त्याच्या खेळामागून रखडत येतं. कागदावरचा पंधराशेवाला पटावर सतराशेचा निघतो, आणि हे समोरच्याला तिसऱ्या तासाला कळतं.

म्हणून बापांनो, दाराशी सल्ला देऊ नका. आदल्या रात्री पोराला एवढंच विचारा: तुझ्या ओपनिंगमध्ये त्याने सगळ्यात वाईट काय केलं, तर तू काय करशील? उत्तर आलं, तर त्याला खुशाल उंट टाकू द्या.